बेणणी न लागणारा कुणगा

आमच्या गावच्या घराचं अंगण संपलं की दोन पायऱ्या खाली एक कुणगा आहे. कुणगा म्हणजे बांध घातलेलं भाताचं लहानसं शेत. आमचे असे बरेच कुणगे होते, काही ओढ्याकाठी, काही वर सड्याच्या, म्हणजे कातळमाळाच्या, उताराला. पण घराखालच्या ह्या एकाची गोष्ट वेगळी होती. त्याला बेणणी लागत नसे.

बेणणी म्हणजे लावणीनंतर भातात माजलेलं रान वाकून वाकून उपटणं. ज्यांनी ती केली आहे त्यांना मी काही सांगायला नको, आणि ज्यांनी केली नाही त्यांनी हिरव्यागार भातशेतीचे फोटो खुशाल काढावेत. डोक्यावर इरलं, खाली चिखल, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, आणि कुणग्याच्या एका टोकाला पोचेपर्यंत दुसऱ्या टोकाला पुन्हा डोकं वर काढलेलं गवत. मला लहानपणी त्या गवताचा इतका राग यायचा की उपटलेली जुडी मी बांधावर नुसती टाकत नसे, आपटत असे. आई म्हणायची, "त्येला काय मारतंस गो, त्ये मेलंय."

घराखालच्या कुणग्यात मात्र लावणी झाली की आम्ही उतरायचो ते थेट कापणीला. तिथे आई तांबडं भात लावायची. उंच वाढणारं, कुसळं असलेलं, उत्पन्नाला बेताचं. त्याला काही नाव नव्हतं. बाकीच्या कुणग्यांत सुधारित जाती आल्या, त्यांना नंबर होते, पिशव्या होत्या. ह्याला नुसतं तांबडं म्हणत. त्याची पेज गुलाबी व्हायची आणि तिला एक वास असायचा, जो मला अजून कुठल्या तांदळाला आला नाही. वाडीतल्या बऱ्याच घरांत तेव्हा हे भात थोडं थोडं असायचं, आणि एखाद्याचं बियाणं गेलं तर दुसऱ्याकडून आणायचे. एवढं ते साधं होतं.

त्याच्यात रान का येत नाही, हे मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "त्येला शेजार खपत नाय. तुज्या आत्येसारका सोबाव." आमची आत्या वाडीत कुणाशी जमवून घेत नसे, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

पुढे मी शिकले, रत्नागिरीत हायस्कूलला विज्ञानाची शिक्षिका झाले, लग्न करून भाट्ये पुलाच्या अलीकडे राहायला लागले, आणि आत्येच्या स्वभावाचं शास्त्रीय कारण मला वाचायला मिळालं. काही तृणधान्यांची मुळं जमिनीत अशी रसायनं सोडतात की शेजारी रुजणाऱ्या तणाचं मूळ खुंटतं. ज्वारी सोडते, राय नावाचं परदेशी धान्य सोडतं, आणि भाताच्या काही जातीही सोडतात, विशेषतः जुन्या. वाचून मला इतका आनंद झाला की पुढच्याच रविवारी मी एसटीने गाव गाठलं. आई चुलीपुढे सुकट भाजत होती. मी तिला तासभर व्याख्यान दिलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग माणसाच्या मुळाला असं काय असतं काय? तुज्या आत्येच्या?"

त्यावर आम्ही दोघी हसत बसलो.

खरं सांगायचं तर सगळं श्रेय मुळांना देणं बरोबर नाही, आणि मी वर्गातही तसं सांगते. भात उंच, त्याची सावली दाट, कुणगा पाणी धरून ठेवणारा. ह्या सगळ्याचा हात असणारच. पण मुळांचाही होता. मी नववीच्या मुलांकडून दोन ट्रेमध्ये पाखड नावाचं तण पेरून घेतलं होतं, एकात तांबड्या भाताबरोबर आणि एकात नंबरवाल्या भाताबरोबर. तांबड्याजवळचं पाखड उगवलं, पण खुरटं. उपटून पाहिलं तर मुळं आखूड आणि टोकाला करपल्यासारखी तपकिरी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आईला सांगितलं तर तिने शाळेत तिच्या भाताला ऊन पुरेसं मिळतं का, तेवढंच विचारलं.

पाखड म्हणजे काय तेही सांगून ठेवते, कारण पुढे त्याच्याशीच गाठ आहे. ते भातातलं सगळ्यात लबाड गवत. लहानपणी हुबेहूब भाताच्या रोपासारखं दिसतं; तरव्यात, म्हणजे लावणीसाठी वाढवलेल्या रोपांत, ते असं मिसळून उभं राहतं की परक्या माणसाला ओळखू येणार नाही. ओळखायची खूण एकच. पान जिथे काडीला चिकटतं त्या सांध्यावर भाताला एक पातळ पांढरी जीभ असते. पाखडाला नसते. आई तरवा काढताना प्रत्येक रोपाच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवायची, न बघता, बोलता बोलता, आणि पाखड बाजूला उडवायची. मलाही तिनेच शिकवलं. मी मुलांना भिंगातून दाखवते ती जीभ तिचा अंगठा अंधारातसुद्धा ओळखेल, असं मी वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगायची.

बाबा आयुष्यभर मुंबईत नोकरीला होते; शेती आईनेच केली. ते निवृत्त होऊन आले आणि काही वर्षांनी गेले. तोवर आमची वाडीही रिकामी होत आली होती. एकेक घर मुंबईला गेलं, एकेक कुणगा पडीक पडला. पडीक कुणग्यात आधी रान माजतं, मग झुडपं, मग रानडुकरं. आमच्या दोन्ही बाजूंना तेच झालं. आईचे गुडघे गेले तसे तिनेही ओढ्याकाठचे कुणगे सोडले, मग उताराचे सोडले. शेवटी राहिला घराखालचा.

माझा धाकटा भाऊ लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये कामाला आहे. खेडला फ्लॅट घेतला आहे, बायको चांगली आहे, आईसाठी वेगळी खोली ठेवली आहे. त्याला वाईट ठरवायची माझी मुळीच इच्छा नाही. तो जे म्हणत होता ते कुणीही म्हणेल. एकटी बाई, गुडघे गेलेले, आजूबाजूला वस्ती म्हणजे एक शेजारची काकू. पडली बिडली तर कोण बघणार? आईचं एकच उत्तर होतं: "माजी शेती हाय."

"शेती कसली, एक कुणगा. आणि तो बेणणार कोण?"

"त्येला बेणणी लागत नाय."

"असं कुठं असतं काय आये? रान सगळीकडं येतं. तू आदीच उपटत आसशील."

ह्या बाबतीत भाऊ हट्टी होता. माझा ट्रेचा प्रयोगही त्याने मानला नाही. मी चिडवायची, "तू कंपनीत रसायन बनवतोस, आईचं भातपण बनवतं. फरक एवढाच की ते कंपनीच्या बसची वाट बघत नाही." तो हसायचा, पण पटवून घ्यायचा नाही. अखेर तोडगा निघाला. आईला जोवर तो एक कुणगा करणं जमतंय तोवर ती गावी राहील. ज्या वर्षी जमणार नाही त्या वर्षी मुकाट्याने खेडला जाईल. भावाला वाटलं, एखाद-दुसऱ्या वर्षाचा प्रश्न आहे. पण ते भात आईच्या बाजूने उभं राहिलं. लावणीला काकू आणि मी हात लावायचो, कापणीला भाऊ रजा काढून यायचा, आणि मधले महिने ते भात आपलं आपण सांभाळायचं. आई अंगणातल्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघायची. रान येत नव्हतं म्हणून आई त्या घरात राहत होती. इतकं सरळ होतं ते.

आईच्या डोक्यातून काहीतरी निसटायला लागलं आहे हे आम्हाला कळत होतं आणि कळत नव्हतं. कधी आमटीत मीठ दोनदा पडायचं. कधी मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारायची. काकू म्हणाली, एकदा गुरं नसलेल्या गोठ्यात पाण्याची बादली भरून ठेवली होती. मी म्हटलं, वय झालं. भाऊही म्हणाला, वय झालं. असं म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही.

आमच्याकडे पावसाळ्याआधी वर्षभराचा उकडा करायचा असतो. भात भिजत घालायचं, मोठ्या हंड्यात अंगणातल्या चुलीवर उकडायचं, टरफल फुटू लागलं की उतरवून चटईवर वाळवायचं, आणि मग गिरणीतून भरडून आणायचं. ज्याची पेज होते तो हा उकडा तांदूळ. आणि बियाण्याचं भात वेगळं. ते कापणीनंतर लगेच निवडून, पेंढ्यात घट्ट गुंडाळून, दोरांनी आवळून त्याची मुडी बांधतात आणि माळ्याच्या वाशाला टांगतात. मुडी बांधणं हे कसबाचं काम. आईची मुडी नारळासारखी घट्ट आणि गोल व्हायची. तिला पावसाआधी कुणी हात लावायचा नाही.

त्या मे महिन्यात मी आणि भाऊ एकाच रविवारी गावी होतो. आईने तांबड्याची पेज केली, सोबत भाजलेला बांगडा. भाऊ तीन वाट्या प्यायला. मी वर बघितलं तर मुडी वाशाला टांगलेली होती, गोल, घट्ट. मला बरं वाटलं. निघताना भाऊ मला म्हणाला, "आये अजून खमकी आहे गं ताई." मी म्हटलं, हो तर.

पेरणीआधी राब भाजायचा असतो, म्हणजे जिथे तरवा वाढवायचा त्या जागेवर कवळं, म्हणजे झाडाच्या तोडलेल्या फांद्या, पाला, शेण पसरून पेटवायचं, म्हणजे मातीतलं तणाचं बी जळतं. आईला झाडावर चढून कवळं तोडणं कधीचंच जमत नव्हतं. त्या वर्षी तिने आणि काकूने थोडं सुकं गवत पसरून भाजल्यासारखं केलं. मग पाऊस लागला आणि आईने मुडी सोडून पेरणी केली. मला फोनवर म्हणाली, "पेरलंय गो. आता बगायला ये."

मी पुढच्या रविवारी गेले. राबाची जागा काळी आणि सपाट होती. एवढ्या दिवसांत भाताची हिरवी सुई वर यायला हवी होती. कुठे कुठे काही कोंब दिसत होते, पण दूर दूर.

"गारठा हाय," आई म्हणाली. "येल लागतोय."

मी वाकून बोटाने माती उकरली. दाणा मिळाला. त्याला मूळ नव्हतं, कोंब नव्हता. दुसरा काढला, तसाच. टरफलाला टोकाशी चीर होती. मी नखाने सोलला. आतला दाणा पांढरा, पिठूळ असायला हवा होता. तो काचेसारखा होता, पिवळसर, आरपार दिसणारा, कडक. मी दातांखाली धरला. दातांनी माझ्या आधी ओळखलं. मे महिन्यात पेजेत आम्ही जे खाल्लं होतं तेच हे.

घरात जाऊन मी मुडीत उरलेलं मूठभर भात सूपात ओतलं. प्रत्येक दाण्याला चीर. प्रत्येक.

मी काकूच्या घरी गेले. ती ओटीवर बसून लसूण सोलत होती. म्हणाली, "तुज्या आयन यंदा दोन येळा उकडलान. मी इचारलंव, बियाण्याची मुडी ठेवलीस ना? तर मला वर बोट करून दाखवलान. मुडी व्हती की टांगलेली."

होती. तीच तर मला समजत नव्हती, आणि समजली तेव्हा ओटीच्या खांबाला टेकून मी रडले. आईने मुडी खाली काढली होती, सोडली होती, बियाणं हंड्यात उकडलं होतं, चटईवर वाळवलं होतं. आणि मग तिच्या हातांनी पुढचं काम आपसूक केलं. पेंढा ओला करून पसरला, भात भरलं, दोर आवळले, आणि पहिल्याइतकी घट्ट, गोल मुडी बांधून परत वाशाला लावली. एकही गाठ चुकली नव्हती. त्या हातांना फक्त सांगणारं कुणी उरलं नव्हतं की हे दाणे आता मेले आहेत.

काकू म्हणाली, "तिला सांगतंस काय?"

मी म्हटलं, "आधी बियाणं शोधते."

मग मी शोधलं. ज्या ज्या घरात हे भात असायचं त्यांच्या मुंबईतल्या नंबरांवर फोन केले. सगळ्यांना तांबडं आठवत होतं. एक जण तर फोनवर त्या पेजेबद्दल इतकं बोलला की मला मध्येच थांबवावं लागलं. बियाणं कुणाकडे नव्हतं. शेतकी खात्याच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब मनापासून ऐकत होता; त्याने चांगल्या, नंबरवाल्या जातीची पिशवी देऊ केली आणि तणनाशकाचंही सांगितलं. मला त्याच्यावर उगाच राग आला. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

शेवटी मला शाळेतली बरणी आठवली. ट्रेच्या प्रयोगातलं उरलेलं तांबडं प्रयोगशाळेच्या कपाटात होतं. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी शाळा उघडायच्या आधी मी दारात उभी. बरणी होती. दाणे होते. कितीतरी पावसाळ्यांची खारी दमट हवा खाल्लेले, पण होते. मी ते ओल्या फडक्यात बांधून खिडकीत ठेवले. रोज उघडून बघायची. मुलं विचारायची, "बाई, आलं का?" ज्यांना हे काय चाललंय ते माहीत नव्हतं तीही विचारायला लागली. फडक्याला बुरशीचा वास यायला लागला तेव्हा मी ते गटारात टाकलं. इतकं विज्ञान शिकवते, मुळातून काय झिरपतं ते फळ्यावर काढून दाखवते, आणि एका मेलेल्या दाण्यापुढे मी काही करू शकत नव्हते. भात संपलं होतं. नुसतं आमच्या घरचं नाही, बहुतेक सगळ्यांचंच.

भावाला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने काही वाईट केलं नसतं. गाडी घेऊन आला असता एवढंच. मी विचार करत होते, दुसऱ्या गावातून कुठलाही तरवा विकत आणावा आणि आईला काहीतरी सांगावं. तेवढ्यात आईचाच फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"बाय, तरवा आलाय. कसा दाट आलाय म्हणून सांगू. लावणीला ये. तुज्या भावालाबी बोलाव."

मी भावाला लावणीचा दिवस कळवला आणि गेले. काळी, सपाट जागा हिरवीगार झाली होती. वाऱ्यावर सळसळत होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय तरवा आहे. मी जवळ जाऊन एक रोप उपटलं, सांधा बघितला. जीभ नव्हती. दुसरं उपटलं. नव्हती. राब नीट भाजला नव्हता, दोन्ही बाजूंच्या पडीक कुणग्यांतून वर्षानुवर्षं बी येऊन पडलेलं, आणि ज्या मुळांनी त्यांना इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं ती मुळं ह्या वर्षी मातीत नव्हतीच. सगळं पाखड होतं.

आई आधीच कमरेला पदर खोचून बसली होती, तरवा काढत होती. मूठभर रोपं उपटायची, मुळांची माती पायावर झटकायची, पेंढ्याच्या काडीने जुडी बांधायची. आणि मध्येच अंगठ्याचं नख सांध्यावरून फिरवायची, नेहमीसारखं, न बघता. नख फिरत होतं आणि रोप जुडीत जात होतं.

मी तिच्याशेजारी बसले. सांगायलाच हवं होतं. मी शक्य तितक्या हळू विचारलं, "आये, जीभ बगितलीस?"

ती थांबली. हातातल्या रोपाच्या सांध्यावरून तिने नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. दुसरं रोप घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, पान वाकवलं. मग माझ्याकडे बघितलं. स्नेहसंमेलनात स्टेजवर कविता विसरलेलं पोर जसं बाईंकडे बघतं, तसं. तिला कळलं होतं की इथे काहीतरी असायला हवं, आणि काय असायला हवं ते तिला आठवत नव्हतं. इतकी घाबरलेली आई मी कधी बघितली नव्हती. बाबा गेले तेव्हाही नाही. ती म्हणाली, "कसं असतं गो भात? बरोबर हाय ना?"

मला ते बघवेना. मी म्हटलं, "बरोबर आहे. छान आलाय तरवा."

तिचा चेहरा परत जागेवर आला. "मंग काय तर," ती म्हणाली आणि जुडी बांधायला लागली. मीही रोपं उपटायला लागले. जे गवत मी लहानपणी बांधावर आपटत होते, त्याच्या मी जुड्या बांधल्या, मुळं मोडू नयेत म्हणून जपून.

भाऊ रात्रपाळी करून तसाच आला. डोळे लाल, अंगात कंपनीचा शर्ट. आई त्याला बघून हरखली. "आलास? बग, जमलं का नाय मला यंदा?"

त्याने बांधावरची एक जुडी उचलली. तो शिफ्टमध्ये अडकलेला असला तरी आमच्याच घरात वाढलेला आहे. सांधा कुठे असतो ते त्यालाही माहीत होतं. त्याने एक रोप ओढून काढलं, बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मला अजून सांगता येणार नाही. इतकी वर्षं तो जे म्हणत होता ते सगळं खरं ठरलं होतं. त्याने फक्त तोंड उघडायचं होतं. मी तो काय बोलतो ह्याची वाट बघत उभी राहिले.

त्याने मोबाईल पायरीवर ठेवला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरला. "कुठनं सुरवात करू आये?"

"वरच्या बांधाकडनं. आणि दाट लावू नको, त्येला जागा लागते."

आम्ही तिघांनी दुपारपर्यंत लावणी केली. काकू एकदा बांधापर्यंत आली, उभी राहिली, आणि परत गेली. थोड्या वेळाने तिच्या घरून चहाची किटली आली. आईने लावलेल्या ओळी सरळ होत्या. माझ्या नेहमीसारख्या वाकड्या, आणि त्याबद्दल तिने मला नेहमीसारखं सुनावलं. कुठल्याही वर्षी घालतात तसाच घोळ आम्ही घालत होतो, आणि मध्येच भाऊ वाकलेला असताना त्याच्या नाकावरून पाणी गळताना दिसलं, तर ते पावसाचं असेल असं मी ठरवलं.

बांधावर चढताना तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दिवाळीनंतर नेऊ. तोवर राहू दे." मी हो म्हटलं.

आई पायरीवर बसून तांब्याने पाय धूत होती. धुऊन झाले तरी उठली नाही. कुणग्याकडे बघत राहिली, पाण्यात उभ्या असलेल्या त्या हिरव्या ओळींकडे, समाधानाने.

"झालं," ती म्हणाली. "आता कापणीपर्यंत बगायला नको. ह्या कुणग्याला बेणणी लागत नाय."

भाऊ तिच्याशेजारी पायरीवर बसला, चिखलाने भरलेल्या पायांनी.

"नाय लागत," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते कबूल केलं.